पाय बघितलेस का?

आमच्या फ्लॅटमध्ये पूर्ण अंधार करायला अठरा मिनिटं लागतात, हे मला यंदाच्या आषाढ अमावास्येला कळलं. मोठे दिवे एका मिनिटात बंद झाले. पण ते गेल्यावर घराला हळूहळू डोळे फुटायला लागले. वायफायच्या डब्याचे चार हिरवे, इन्व्हर्टरचा पिवळा, चार्जरचा निळा, गीझरचा लाल. मी काळी चिकटपट्टी घेऊन एकेक डोळा मिटत फिरत होतो आणि माझ्या मागोमाग आई दिवे लावत फिरत होती. कारण आषाढ अमावास्या म्हणजे दिव्याची अवस. घरातल्या समया, निरांजनं, कोकणातून आणलेला एक म्हातारा कंदील, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, पेटवायचं, पुजायचं आणि कणकेचे गोड दिवे तूप घालून खायचे. वर्षातल्या बारा अमावास्यांपैकी नेमकी हीच मी भुताच्या सिनेमांसाठी निवडली होती.

"अरे, अवसेला कोणी घरात काळोख करतं का?" आई म्हणाली.

"भुताचा सिनेमा बघायचाय."

"मग दिवे असलेलेच बरे."

शेवटी तडजोड झाली. दिवे देवघरात आणि देवघराचं दार लोटलेलं. दाराच्या फटीतून थोडा उजेड येत राहिला, पण तो निदान हलता होता. भुताला चालण्यासारखा.

बेत असा होता की एका रात्रीत तीन सिनेमे बघायचे. १९४९चा 'महल', १९६४चा 'वह कौन थी' आणि त्याच वर्षीचा 'कोहरा'. तिन्ही काळे-पांढरे. प्रेक्षक चार: मी, बायको, सुट्टीला घरी आलेली मुलगी आणि ब्याऐंशी वर्षांची आई. माझा हेतू अगदी साधा होता. हे सिनेमे बघून लहानपणी माझी जी अवस्था झाली होती, ती या तिघींची होताना मला बघायची होती.

ती अवस्था आधी सांगतो. आमचं बिऱ्हाड पुण्यात वाड्यात, दोन खोल्यांचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि वर्षभरात सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसायला लागलं. वाड्यात एकच टीव्ही, तो मालकांकडे. चार पायांचा, शटरचा. रविवारी संध्याकाळी शटर सरकलं की अख्खा वाडा सतरंजीवर. मालकांनी पडद्यापुढे एक प्लास्टिकचा कागद लावला होता, वर निळा, मध्ये तांबूस आणि खाली हिरवा. उद्देश असा की काळं-पांढरं चित्र रंगीत दिसावं. समुद्रकिनाऱ्याच्या दृश्यात ते थोडंफार जमतही असे. भुताच्या सिनेमात मात्र पांढऱ्या साडीतली बाई निळ्या डोक्याची, तांबूस पोटाची आणि हिरव्या पायांची होऊन यायची. दिग्दर्शकाच्या मनात एवढं काही नसणार.

त्यात अँटेना. तिचं तोंड सिंहगडाकडे असावं लागे आणि कावळ्यांना ते मान्य नव्हतं. तोंड जरा फिरलं की पडद्यावरच्या प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट आकृती उभी राही. दुरुस्तीवाले या प्रकाराला 'घोस्ट' म्हणत. 'वह कौन थी'मध्ये साधना एक की दोन, हे सगळं रहस्य आहे. आमच्या वाड्यात ती पहिल्या दृश्यापासून दोन होती. मनोजकुमारही दोन होते, गाडीही दोन होत्या, त्यामुळे संशय कोणाला आला नाही.

पण खरा सिनेमा संपल्यावर सुरू व्हायचा. वाड्याचे संडास मागच्या अंगणात, आडाच्या पलीकडे, औदुंबराच्या खाली. आडावर पत्रा होता आणि वारा आला की तो एखाद्या बाईनं सुस्कारा टाकावा तसा आवाज करी. सिनेमा बघून झाल्यावर वाड्यातली आम्ही सात मुलं एकमेकांच्या शर्टाची टोकं धरून आगगाडी करून तिथं जायचो. आत एक, बाहेर सहा. आतला ओरडून विचारायचा, "आहात ना रे?" आणि बाहेरचे सहा एकमताने गप्प बसायचे. मीही बसलोय. माझी पाळी असतानाही ते बसलेत. भुताची खरी भीती मी त्या टमरेलासकट शिकलो.

आता हे सगळं पंचावन्न इंची पडद्यावर कसं आणणार?

'महल' सुरू झाला आणि पहिलाच घाव टीव्हीनेच घातला. त्यात चित्र गुळगुळीत करायची काहीतरी सोय असते, ती चालू होती. अशोककुमार त्या ओसाड हवेलीत शिरले ते एखाद्या दैनंदिन मालिकेत सासरी परत आल्यासारखे. मुलीनं रिमोट हिसकावून घेतला, सात ठिकाणी काहीतरी दाबलं आणि एकदम चित्राला जुनं दाणेदार काळोखपण आलं. मी तिला मनातल्या मनात सगळं माफ केलं.

'महल'बद्दल मला फार बोलावंसं वाटतं आणि त्या रात्री मी बोललोही, हीच चूक झाली. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन म्हणून हा पहिलाच सिनेमा. चित्रपट आला तेव्हा मधुबाला १६ वर्षांची होती, माझ्या मुलीपेक्षा तीन वर्षांनी लहान. कॅमेरामन जोसेफ विरशिंग जर्मन होता. म्युनिकहून 'लाइट ऑफ एशिया'च्या चित्रीकरणासाठी १९२५मध्ये भारतात आला, पुढे बॉम्बे टॉकीजच्या मालाडच्या स्टुडिओत रमला. मूकपटांच्या काळात जर्मन लोकांनी भिंतीवरच्या सावल्यांना माणसांपेक्षा मोठ्या भूमिका दिल्या होत्या. त्यातली काही विद्या तो सोबत घेऊन आला असणार. म्हणजे 'महल'मधल्या जिन्यावरच्या सावलीचं माहेर जर्मनीत आणि सासर मालाडला.

"बाबा, तू सिनेमा बघू देणारेस का?" मुलगी म्हणाली.

गप्प बसलो. तेवढ्यात घड्याळाचे ठोके पडले आणि ते गाणं आलं. 'आएगा आनेवाला'. सुरुवातीच्या ओळी लांबून येतात, जवळ येतात. लताबाईंनीच सांगितलेली गोष्ट आहे की हा परिणाम साधण्यासाठी त्या मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गायला लागल्या आणि गात गात जवळ आल्या. म्हणजे आवाज खरंच चालत आलाय. रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय, तर 'कामिनी'. सिनेमातल्या पात्राचं. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं की ही गाते कोण. २० वर्षांच्या एका मराठी मुलीचं नाव महाराष्ट्राला आणि देशाला भुताच्या चौकशीतून ठाऊक झालं, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं मी अर्थात गाण्याच्या मध्येच सांगितलं. बायकोनं हातातली मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. "बोलायचंच असेल तर हात चालवत बोला."

भुताच्या सिनेमाला मेथीइतका मोठा शत्रू नाही. अशोककुमार आवाजाच्या मागे मागे वेड्यासारखे चालले आहेत, झुंबर हलतंय, झोपाळ्यावर कोणीतरी बसलंय, आणि आमच्या दिवाणखान्यात काड्या वेगळ्या, पानं वेगळी.

"हा एवढ्या रात्री कोटबीट घालून त्या आवाजामागे निघाला," बायको म्हणाली. "आणि तुम्ही? नवानंतर बेल वाजली तर मला उठवता."

"तो प्रेमात पडलाय."

"हो का?" म्हणाली आणि पुढची पाच मिनिटं मेथीशिवाय कशाचाच आवाज आला नाही. या सिनेमात मला घाबरायला झालेला तो एकमेव प्रसंग.

आई इतका वेळ काही बोलली नव्हती. तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नजर पडद्याच्या खालच्या भागात. मधुबाला बागेत आली तशी आई पुढे वाकली. "पाय सरळ आहेत," ती म्हणाली, आणि मागे टेकून डोळे मिटले. तिच्यापुरता सिनेमा संपला.

आईचं माहेर तळकोकणातलं. तिथं भूत ही करमणूक नव्हती, शेजारधर्म होता. मुंजा पिंपळावर, समंध जुन्या घरात, आसरा पाणवठ्यावर, गिऱ्हा खाडीत. प्रत्येकाची हद्द ठरलेली आणि मागणंही ठरलेलं. कोणाला नारळ, कोणाला कोंबडा, कोणाला दहीभात. भागवलं की वर्षभर त्रास नाही. महानगरपालिकेपेक्षा कारभार स्वच्छ. हडळीची ओळख दोन ठिकाणी: पाय उलटे आणि पाठ पोकळ. समोरून कितीही देखणी असू दे, वळली की खेळ खलास. त्यामुळे आई हिंदी सिनेमातल्या भुतांना मुळातच मोजत नाही. तिचं म्हणणं, जी बाई कडव्यांसकट गाणं म्हणते तिला काही मागायचं नसतं, आणि जिला काही मागायचं नाही ती भूत कसली?

आणि गंमत म्हणजे आईचा निकाल बरोबर असतो. ('महल' येऊन पाऊणशे वर्षं झाली. अजून पाहिला नसेल तर चूक तुमची, मी सांगणार.) ती कामिनी माळ्याची मुलगी निघते. त्या काळातल्या बहुतेक भुतांचं असंच. अडीच तास धुकं, दिवे, गाणी, आणि शेवटी साडीतून एखादा धडधाकट माणूस निघतो. खरं भूत द्यायची हिंमत 'मधुमती'ने १९५८मध्ये केली. तिथं आईलाही दोन मिनिटं गप्प बसावं लागतं. तिथं मग ती म्हणते, "बंगाल्यांचं आहे. त्यांना ठाऊक असतं." दिग्दर्शक बिमल रॉय, लेखक ऋत्विक घटक आणि संगीतकार सलील चौधरी या तिघांना मिळालेली याहून मोठी पावती माझ्या पाहण्यात नाही.

'महल' अर्ध्यावर सोडायला लागला, कारण कणकेचे दिवे गार होत होते. जेवणं झाली. मग 'वह कौन थी'.

राज खोसलांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा माझा हुकमाचा एक्का होता. मुसळधार पाऊस, रात्र, निर्मनुष्य रस्ता, डॉक्टरची गाडी आणि गाडीसमोर पांढऱ्या साडीतली बाई. ती गाडीत बसते आणि वायपर बंद पडतात. काचेतून काही दिसत नाही, पण तिला रस्ता दिसतोय. ती सांगते तशी गाडी वळते आणि थांबते कुठं, तर कब्रस्तानाच्या फाटकाशी. के. एच. कापडिया यांची छायाचित्रणाची करामत आहे ती, फिल्मफेअरही मिळालं त्यांना. पावसाची प्रत्येक रेघ दिसते आणि चेहरा मात्र निम्माच. बाहेरही खरा पाऊस चालू होता. मी मुलीकडे बघितलं. ती खरोखर पडद्याकडे बघत होती.

"बाबा."

"अं?"

"ओटीपी न विचारता बसवलं त्यानं?"

मग ती सुटलीच. त्या साडीला इस्त्री कुठं होते. एवढ्या पावसात केस कोरडे कसे. वायपर बंद पडले तर डॉक्टरनं बाजूला घेऊन धोक्याचे दिवे का लावले नाहीत. मी म्हणालो, "तू थोडं मन मोकळं ठेवून बघ." ती म्हणाली, "मी मन मोकळंच ठेवलंय, गाडीची काच बंद आहे त्याची." दहाव्या की पंधराव्या मिनिटाला तिनं पाय वर घेऊन मांडी घातली आणि विचारलं, "ह्यात प्रॉपर्टीचं आहे ना काहीतरी?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण आहे. नायकाला वेडा ठरवून त्याची इस्टेट लाटायचा सगळा डाव आहे. हे मला लहानपणी कळायला पूर्ण सिनेमा आणि मालकांच्या काकूंचं नंतरचं स्पष्टीकरण लागलं होतं.

"असणारच," आई डोळे मिटूनच म्हणाली. "आमच्या घराचं नाही का झालं? धाकट्या काकांनी आधी उठवलं की माडीवर जखीण आहे. दोन वर्षं कोणी वर चढलं नाही. तोवर सातबाऱ्यावर नाव लागलंसुद्धा."

सिनेमा थांबवावा लागला. धाकटे काका, त्यांचा वकील, तलाठी, तलाठ्याला पोचवलेले हापूस आणि शेवटी काकांना खरोखरच माडीवर काहीतरी दिसलं इथपर्यंत कथा पंचवीस मिनिटं चालली. प्रामाणिकपणे सांगतो, पटकथा बरी होती. बायकोनं मेथी बाजूला ठेवून ऐकली. मुलीनं दोनदा "मग?" विचारलं. पडद्यावर साधना अर्ध्या हसण्यावर गोठून ताटकळत उभी होती.

पुन्हा चालू केलं तेव्हा 'नैना बरसे' आलं. या गाण्याची एक हकीकत सांगतात आणि मला ती सांगितल्याशिवाय राहवेना. चित्रीकरणाच्या वेळी लताबाईंच्या आवाजातलं गाणं तयार नव्हतं, म्हणून संगीतकार मदनमोहन यांनी स्वतः गाऊन ते ध्वनिमुद्रित केलं आणि साधनानं त्यावर ओठ हलवले. बघे जमले होते. त्यांनी काय पाहिलं असेल विचार करा. पहाडात धुकं, पांढऱ्या साडीत देखणी बाई फिरते आहे, तोंड उघडते आणि आत पुरुष गातोय! आईला हे एकदम पटलं. "हे मात्र भूत," ती म्हणाली.

मध्यरात्र उलटली. मी हरलो होतो. एवढ्या सावल्या, एवढे राज खोसला, आणि माझ्या घरात कोणाच्या अंगावर साधा काटा नाही. बायको जांभया देत होती. खरं म्हणजे तिथंच आवरतं घ्यायचं, पण पराभूत माणसाला अजून एक सिनेमा लावावासा वाटतोच. 'कोहरा' लावला. बिरेन नाग यांचा. दोनच वर्षांपूर्वी १९६२मध्ये त्यांनी 'बीस साल बाद'मध्ये हेच विश्वजित आणि वहिदा घेऊन सगळ्या देशाला धुक्यात नेलं होतं. विश्वजितबद्दल माझं मत असं आहे की हवेलीतल्या कुठल्याही भुतानं त्याच्या रूपावर जळावं. 'कोहरा'ची गोष्ट मूळची इंग्रजांची, 'रिबेका' कादंबरीची. मोठा वाडा, नवी नवरी, आणि पहिली बायको मेलेली, पण तिची खोली तशीच ठेवलेली.

आणि मग दारात ललिता पवार उभ्या राहिल्या.

त्यांनी काही केलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या आणि नव्या नवरीकडे बघितलं. येवल्यात जन्मलेल्या या बाईंच्या डाव्या डोळ्याला १९४२मध्ये चित्रीकरणातल्या एका थपडेनं कायमची इजा झाली आणि नायिकेची कारकीर्द तिथं थांबली. त्याच डोळ्यानं पुढची चाळीस वर्षं त्यांनी सगळ्या हिंदुस्थानच्या सुनांना धाकात ठेवलं. ना गाणं, ना धुकं, ना वायपर. बायकोची जांभई अर्ध्यात थांबली. तिनं नकळत पदर सावरला. घरात गाऊन घालून बसली होती, तरी सावरला. मुलगी हळूच आजीला चिकटून बसली. आईनंही डोळे उघडले आणि मला पहिल्यांदाच दिसलं की ती पायांकडे बघत नाहीये, तोंडाकडे बघतेय.

मी आनंदानं उशी घट्ट धरली. आणि त्या क्षणी लाइट गेले.

इन्व्हर्टरनं एकदा हुंकार दिला आणि तोही गेला. अठरा मिनिटं खपून मी केला नव्हता असा अंधार एका क्षणात झाला. देवघरातले दिवे केव्हाच शांत झाले होते. बाहेर पाऊस. कोणी काही बोललं नाही. मग दारावर थाप पडली. बेल नाही, थाप. एक. मग जरा थांबून दुसरी.

"तुम्ही बघा," बायको कुजबुजली.

"तू नेहमी—"

"आज तुम्ही. कोट घालून."

मुलीनं मोबाइलचा दिवा माझ्या हातात कोंबला, सोबत यायचं नाव नाही. पॅसेज आमचा जेमतेम बारा फुटांचा आहे. त्या रात्री तो आडाच्या पलीकडे गेला. मी मागे वळून म्हणालो, "आहात ना गं?" आतून तिघीही एकमतानं गप्प.

दार उघडलं. जिन्यात एक उंच आकृती, डोक्यावरून पांढरं प्लास्टिक पांघरलेलं, त्यातून पाणी निथळतंय. आवाज आला तो फार सावकाश.

"साहेब... खाली... तुमच्या गाडीत... लाइट जळतीया..."

"कोण आहे रे?" आईनं आतून विचारलं.

"वॉचमन आहे, आई."

"पाय बघितलेस का?"

मी उजेड खाली टाकला. बघितले, आणि पोटात खड्डाच पडला. दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला. मग पुन्हा नीट बघितलं. झोपेतून उठून आलेल्या त्या बिचाऱ्यानं रबरी चपला घातल्या होत्या, उजवी डाव्या पायात आणि डावी उजव्या.

"उलट्या आहेत," मी आत सांगितलं. "चपला."

आत जरा वेळ विचार झाला असावा.

"मग जा," आई म्हणाली. "पण जिन्यात त्याला पुढं चालू दे. पाठ दिसली पाहिजे."